भोक पाडण्याआधी : लहान कार्यशाळेतील ड्रिल यंत्राची मांडणी आणि वापर

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात यंत्रकामाचा मोठा भार नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर, अक्कलकुवा आणि धडगाव येथील, तसेच त्यांच्या आसपासच्या बाजारगावांतील एक-दोन खणांच्या कार्यशाळांवर आहे. उसाच्या ट्रॉलीचा हुक, वखराची पास, तिफणीचा दांडा, कडबाकुट्टीचे पाते ज्या पट्टीवर बसते ती पट्टी, घराचे लोखंडी दार, अशी नाना प्रकारची कामे या कार्यशाळांत येतात आणि त्या सर्वांत एक क्रिया हमखास असते, ती म्हणजे लोखंडात नेमक्या जागी नेमक्या मापाचे भोक पाडणे. हे काम करणारे उभे ड्रिल यंत्र बहुतेक ठिकाणी असते, पण लेथ किंवा ग्राइंडर यांचा जो धाक कारागिराच्या मनात असतो तो या यंत्राविषयी नसतो. त्याचा आवाज कमी, ठिणग्या जवळजवळ नाहीत, आणि खाली-वर होणारा एक दांडा ओढला की काम होते, त्यामुळे ते सर्वांत सोपे यंत्र समजले जाते आणि नव्या मुलाच्या हाती सर्वांत आधी दिले जाते. वस्तुतः या यंत्राने होणाऱ्या इजा बहुधा ड्रिलच्या टोकामुळे होत नाहीत. न बांधलेला जॉब, म्हणजे भोक पाडायचा तुकडा, फिरल्यामुळे, कपडा किंवा केस गुंडाळले गेल्यामुळे आणि नको त्या क्षणी यंत्र सुरू झाल्यामुळे त्या होतात. ही तिन्ही कारणे बटण दाबण्यापूर्वीच दूर करता येतात, म्हणून प्रस्तुत लेखात यंत्राच्या मांडणीवर अधिक भर दिला आहे.

सुताराचा दोरीने फिरणारा सामता किंवा हाताने पिळायचे गिरमिट यांत फिरवणे आणि दाबणे ही दोन्ही कामे हातच करत असे आणि काही अडले की हात आपोआप थांबत असे. उभ्या ड्रिल यंत्रात फिरवण्याचे काम मोटर करते आणि दाबण्याचे काम हात करतो, त्यामुळे अडथळा आला तरी फिरणे थांबत नाही. यंत्राची रचना थोडक्यात अशी असते : खाली जड बीडाचा पाया, त्यावर उभा गोल खांब, खांबावर वर-खाली सरकणारे आणि बाजूला फिरणारे टेबल, आणि माथ्यावर मोटर, पुल्या व स्पिंडल सामावणारे डोके. स्पिंडल म्हणजे ड्रिलला फिरवणारा उभा दंड. तो ज्या नळीसह खाली उतरतो तिला क्विल म्हणतात. स्पिंडलच्या खालच्या टोकाला निमुळते भोक असते आणि त्यात तितकाच निमुळता दांडा घर्षणाने घट्ट बसतो. या प्रमाणित उताराला मोर्स टेपर असे नाव आहे. ड्रिल पकडणारा तीन जबड्यांचा चक याच पद्धतीने बसवलेला असतो. टेबलावर ठेवता येणाऱ्या लहान यंत्राला बेंच ड्रिल आणि जमिनीवर उभ्या राहणाऱ्या उंच यंत्राला पिलर ड्रिल म्हणतात. १३ मिलिमीटरपर्यंतच्या कामाला अर्ध्या अश्वशक्तीचे बेंच ड्रिल पुरते, तर ट्रॉली आणि अवजारांची कामे नेहमीची असतील तर २५ मिलिमीटर क्षमतेचे, एक अश्वशक्तीचे पिलर ड्रिल घेणे शहाणपणाचे ठरते.

या यंत्राचे बहुतेक वजन माथ्याकडे असते, त्यामुळे ते पायाच्या भोकांतून बोल्टने जखडलेले नसेल तर लांब जॉबच्या झटक्याने कलंडू शकते. बेंच ड्रिल लाकडी बाकावर ठेवायचे असेल तर बाक स्वतः भिंतीला किंवा जमिनीला पक्का करावा आणि बोल्ट फळीतून आरपार नेऊन खाली रुंद वायसर घालून आवळावेत. लाकडात पिळलेले स्क्रू कंपनाने काही महिन्यांत सैल होतात. पिलर ड्रिलसाठी काँक्रीटची जमीन हवी. तापीकाठच्या शहादा आणि नंदुरबार पट्ट्यातील काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तेथे नुसत्या शहाबादी फरशीवर उभे केलेले यंत्र वर्षभरात तिरपे होते. काळी माती काढून, मुरूम भरून, त्यावर काँक्रीटचा चौथरा घालून फाउंडेशन बोल्ट बसवणे हाच त्यावरचा उपाय आहे. बोल्ट पूर्ण आवळण्यापूर्वी टेबलावर दोन दिशांना पाणसळ ठेवून पाहावी आणि गरज असेल तेथे पायाखाली पातळ पत्र्याच्या पट्ट्या घालाव्यात. यंत्राच्या डाव्या-उजव्या बाजूंना लांब अँगल किंवा पाइप मावेल इतकी मोकळी जागा असावी. दाराजवळ यंत्र ठेवल्यास उजेड मिळतो हे खरे, पण येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का कारागिराच्या पाठीला लागणार नाही, इतके ते आत असले पाहिजे.

यंत्र समपातळीत आले म्हणजे टेबल स्पिंडलला काटकोनात आहेच असे नव्हे, आणि भोक तिरपे जाण्याचे कारण बहुधा येथेच सापडते. ते तपासण्यासाठी महागडे साधन लागत नाही. जाड तार दोन ठिकाणी काटकोनात वाकवून तिचे एक टोक चकमध्ये पकडावे आणि दुसरे टोक टेबलाच्या कडेजवळ खाली येईल असे ठेवावे. टेबल वर आणून तारेचे टोक आणि टेबल यांच्यामध्ये एक जाड कागद जेमतेम सरकेल इतकी फट ठेवावी आणि मग चक हाताने हळूहळू फिरवून समोर, मागे, डावीकडे व उजवीकडे, अशा चारही ठिकाणी तोच कागद सारखाच अडतो का ते पाहावे. डावी-उजवी चूक टेबलाखालचा बोल्ट सैल करून सुधारता येते. पुढची-मागची चूक मात्र बहुतेक यंत्रांत टेबलावर जॉबखाली पातळ पट्टी घालूनच काढावी लागते. हे काम करताना यंत्राचा वीजपुरवठा तोडलेला असावा, हे सांगण्याची गरज वाटू नये, पण चक हाताने फिरवण्याची सवय आणि बटणाजवळ असलेला कोपर या दोन गोष्टी एकत्र आल्या की अपघात घडतो.

वीज हा या जिल्ह्यात स्वतंत्रपणे विचार करण्याचा विषय आहे. वादळी पावसात तार तुटते, दुरुस्तीसाठी पुरवठा बंद होतो, दाब कमी-जास्त होतो आणि सातपुड्याच्या दुर्गम पाड्यांत हे वरचेवर घडते. भोक अर्धे झालेले असताना वीज गेली, तर कारागीर ड्रिल वर घेतो, जॉब सोडवतो, कचरा साफ करू लागतो, आणि साधे वर-खाली करायचे बटण चालू स्थितीतच राहून जाते. अशा वेळी वीज परत आली की यंत्र कोणाच्याही हाताशिवाय सुरू होते. यावरचा उपाय शेतकऱ्याच्या ओळखीचाच आहे. विहिरीवरच्या पंपाच्या स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते. वीज गेली की ती कॉइल सुटते आणि वीज परत आल्यावर हिरवे बटण पुन्हा दाबल्याखेरीज मोटर चालू होत नाही. ड्रिल यंत्राला असाच स्टार्टर असला पाहिजे आणि त्याचे लाल बटण डोळे न वळवता हाताला, किंबहुना गुडघ्याला किंवा कोपरालाही लागेल अशा जागी असले पाहिजे.

येथे एक धोका विशेष करून नोंदवावासा वाटतो. कृषी वाहिनीवरचा थ्री फेज पुरवठा पाळीपाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री मिळत असल्याने अनेक शेतकरी पंपाच्या स्टार्टरला ‘ऑटो’ जोडतात, म्हणजे वीज येताच पंप आपोआप सुरू करणारे उपकरण बसवतात. पिकाला पाणी देण्यासाठी ती सोय योग्यच आहे. परंतु पंपाचा जुना स्टार्टर काढून कार्यशाळेतील यंत्राला लावण्याचा प्रघातही तितकाच सार्वत्रिक आहे, आणि त्या पेटीत ‘ऑटो’ तसेच राहिले तर संरक्षण देणारे साधनच घातक होते. जुना स्टार्टर वापरण्यापूर्वी ते उपकरण संपूर्ण काढून टाकावे आणि खात्रीसाठी एक चाचणी घ्यावी : चकमधून ड्रिल काढून, चालू यंत्राचा पुरवठा मुख्य स्विचवरून बंद करावा, दोन मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावा आणि यंत्र स्वस्थ उभे राहते का हे पाहावे. थ्री फेज मोटर असेल तर वाहिनीची किंवा रोहित्राची दुरुस्ती झाल्यानंतर फेजांचा क्रम उलटलेला असू शकतो. अशा वेळी यंत्र उलट्या दिशेने फिरते, ड्रिल कापत नाही, नुसते घासून तापते आणि कारागीर अधिक जोर लावत राहतो. म्हणून पुरवठ्यात काही फेरफार झाल्याचे कळले की पहिल्यांदा चक रिकामा फिरवून दिशा पाहावी; वरून पाहिले असता तो घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरला पाहिजे.

अर्थिंगकडे होणारे दुर्लक्ष मोटरचा दोष निर्माण होईपर्यंत लक्षात येत नाही. यंत्राचे सगळे अंग धातूचे आणि कारागिराचा हात सतत त्यावर, त्यामुळे मोटरच्या आतील तारेचा लेप उडाला तर विजेला जायला दुसरी वाट असावीच लागते. मातीत सुमारे अडीच मीटर खोल गाडलेली जस्ताच्या मुलाम्याची नळी हा नेहमीचा मार्ग आहे. मात्र एप्रिल-मे महिन्यांत जमीन कोरडी पडून फाटते तेव्हा त्या खड्ड्यात पाणी घालत राहिले तरच अर्थिंग कामाचे राहते. सातपुड्याच्या खडकाळ भागात एवढी खोली मिळणे कठीण असल्याने तेथे परवानाधारक वीजतंत्रीकडून प्रत्यक्ष रोध मोजून घ्यावा, आणि कोठेही असले तरी ३० मिलिअँपिअरच्या गळतीला पुरवठा तोडणारा आर. सी. सी. बी. बसवावा. घरातून ओढून आणलेल्या लांब, बारीक वायरवर यंत्र चालवले तर दाब पडतो, मोटर घुमते पण उचलत नाही आणि तापते; हा दोष मोटरचा समजून ती वारंवार रिवाइंडिंगला नेली जाते.

यंत्र उभे राहिले की वेगाचा प्रश्न येतो. पायऱ्यांच्या दोन पुल्यांवरून व्ही-बेल्ट वर-खाली करून स्पिंडलचे फेरे बदलता येतात : मोटरकडची लहान पायरी आणि स्पिंडलकडची मोठी पायरी घेतली की वेग कमी होतो. प्रत्यक्षात मात्र अनेक कार्यशाळांत बेल्ट एकदा जेथे बसला तेथेच वर्षानुवर्षे राहतो आणि ४ मिलिमीटरचे ड्रिल व १६ मिलिमीटरचे ड्रिल एकाच वेगाने चालवले जाते. ड्रिलची कड धातूवरून मिनिटाला किती मीटर धावते याला छेदनवेग म्हणतात, आणि साध्या हाय-स्पीड स्टीलच्या ड्रिलने मऊ पोलादात, म्हणजे नेहमीच्या अँगल-पट्टीत भोक पाडताना तो सुमारे २५ मीटर असावा. ड्रिल जितके जाड तितकी त्याची कड एका फेऱ्यात अधिक अंतर कापते, म्हणून फेरे तितके कमी हवेत. तोंडी हिशेबासाठी ८००० या आकड्याला ड्रिलच्या मिलिमीटरमधील व्यासाने भागावे : ४ मिलिमीटरला मिनिटाला २०००, १० मिलिमीटरला ८००, १६ मिलिमीटरला ५०० फेरे. जवळचा पण कमी असा वेग निवडावा. बीडासाठी यापेक्षा थोडा कमी, स्टेनलेस स्टीलसाठी निम्म्याहून कमी आणि अॅल्युमिनिअमसाठी दुपटीहून अधिक वेग चालतो. हा हिशेब यंत्राच्या डोक्यावर खडूने नव्हे तर रंगाने लिहून ठेवावा. बेल्ट बदलताना प्लग काढलेला असावा, अंगठ्याने मध्यावर दाबल्यास बेल्ट साधारण एक सेंटिमीटर दबावा, आणि झाकण परत बसल्याखेरीज यंत्र सुरू करू नये.

कमी वेग म्हणजे कमी धोका, ही समजूत मात्र या यंत्राच्या बाबतीत उलट ठरते आणि ती का हे नीट समजून घेण्यासारखे आहे. मोटरची शक्ती तीच राहते. फेरे कमी झाले की पिळण्याचा जोर त्याच प्रमाणात वाढतो. अर्ध्या अश्वशक्तीची मोटर मिनिटाला २००० फेऱ्यांवर ड्रिलला जो पीळ देते, त्याचा परिणाम मध्यापासून १० सेंटिमीटरवर जॉब धरलेल्या हाताला सुमारे पावणेदोन किलो वजनाच्या ओढीइतका जाणवतो. तीच मोटर २५० फेऱ्यांवर चालवली की ही ओढ १४ किलोंच्या पुढे जाते, आणि ड्रिल अडकल्याच्या क्षणी फिरत्या भागांत साठलेला जोर त्यात मिसळून ती आणखी वाढते. बारीक ड्रिलने लहान तुकडा हातात धरून शंभर वेळा भोक पाडणाऱ्या कारागिराचा हात त्या सवयीने निर्धास्त होतो आणि एकशे एकाव्या वेळी जाड ड्रिल लावल्यावर त्याच हाताला तुकडा आवरत नाही. सुटलेली पट्टी स्वस्थ पडून राहत नाही, ती ड्रिलसोबत फिरते; ३० सेंटिमीटर लांब पट्टीच्या टोकाला भोक असेल आणि स्पिंडल ८०० फेऱ्यांवर असेल, तर पट्टीचे दुसरे टोक ताशी सुमारे ९० किलोमीटर वेगाने कारागिराच्या पोटाच्या उंचीवरून जाते.

यासाठी जॉब बांधणे हा नियम अपवादाविना पाळावा. लहान चौकोनी तुकडे मशीन व्हाइसमध्ये आवळावेत आणि व्हाइससुद्धा टेबलाच्या खाचेतून बोल्टने जखडावी, कारण मोकळी व्हाइस म्हणजे जास्त वजनाचा मोकळा जॉबच होय. व्हाइसमध्ये मावत नाही असा जॉब क्लँप, टी-बोल्ट आणि पायऱ्यांचा ठोकळा यांनी थेट टेबलावर बांधावा; क्लँपचा बोल्ट ठोकळ्यापेक्षा जॉबच्या जवळ असला तरच दाब जॉबवर येतो. गोल पाइप किंवा दांडा व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यात बसवून वरून दाबावा. लांब अँगल क्लँप केलेला असला तरी तो कारागिराच्या डाव्या बाजूला जाईल आणि त्याची मागची कड खांबाच्या डाव्या अंगाला टेकेल असा ठेवावा. चक घड्याळाच्या दिशेने फिरत असल्याने डावीकडचा भाग मागे खांबाकडे ढकलला जातो आणि तेथेच अडतो, तर उजवीकडे ठेवलेला भाग थेट माणसाच्या अंगावर येतो. टेबलाला भोक पडू नये आणि ड्रिल बाहेर पडताना जॉबची कड फाटू नये यासाठी खाली सपाट लाकडी फळी असावी. पातळ पत्रा हा तर स्वतंत्र धोका आहे, कारण ड्रिल आरपार जाताच त्याची पिळदार खाच पत्र्याला स्क्रूसारखी वर खेचते आणि पत्रा धारदार पंख्यासारखा फिरू लागतो. असा पत्रा दोन फळ्यांमध्ये दाबून फळीसकट भोक पाडल्यास भोकही गोल येते.

नमुन्यादाखल वखराच्या किंवा ट्रॉलीच्या दुरुस्तीत नेहमी येणारे एक काम पाहता येईल : १० मिलिमीटर जाड पट्टीत एम १२ बोल्टसाठी साडेतेरा मिलिमीटरचे भोक पाडणे. यासाठी साडेतेरा मिलिमीटरचे ड्रिल पेलणारे यंत्र आणि तेवढा चक किंवा टेपरदांड्याचे ड्रिल आवश्यक आहे. पट्टीवरचा गंज कानशीने काढून त्या जागी मोरचूद विरघळवलेले पाणी लावले तर लोखंडावर तांब्याचा पातळ लाल थर चढतो आणि त्यावर ओढलेली रेघ खडूच्या रेघेपेक्षा फार स्पष्ट दिसते. फवारणीच्या बोर्डो मिश्रणासाठी आणलेले मोरचूद या भागात सहज मिळते. दोन रेघा गुण्याने ओढून त्यांच्या छेदावर सेंटर पंच आधी हलका मारावा, ठिपका चुकला असेल तर पंच तिरका करून सरकवावा आणि मगच खोल मारावा. पहिले भोक ४ मिलिमीटरचे पाडावे. याचे कारण असे की जाड ड्रिलच्या टोकाशी मध्यभागी जी आडवी कड असते ती कापत नाही, नुसती दाबत जाते. आधीच्या बारीक भोकाने त्या कडेला मोकळी जागा मिळाली की ड्रिल न भटकता अर्ध्या जोरात उतरते. त्यानंतर बेल्ट खाली उतरवून सुमारे ५५० फेऱ्यांचा वेग घ्यावा आणि मोठे ड्रिल लावावे.

ड्रिल लावताना चकची चावी तिन्ही भोकांत एकामागून एक फिरवून जबडे सारखे आवळावेत, आणि चावी काढून साखळीने खांबाला टांगलेल्या तिच्या जागी गेल्याखेरीज हाताने बटणाकडे वळू नये. चावी चकमध्ये राहून यंत्र सुरू झाले तर ती गोफणीतून सुटलेल्या दगडासारखी उडते. ड्रिलला पाण्यात मिसळणारे कटिंग ऑइल, साधारण एका भागाला वीस भाग पाणी, ब्रशने किंवा बाटलीने देत राहावे. बीडात मात्र कोरडेच भोक पाडतात. दांड्यावरचा दाब असा असावा की दोन्ही खाचांतून सारख्या जाडीचा लोखंडी कीस वळत बाहेर येईल. कीस भुकटीसारखा येऊ लागला तर दाब कमी आहे किंवा धार गेली आहे. तो निळा पडू लागला तर वेग जास्त आहे. दर काही मिलिमीटरांनी दांडा किंचित वर घेतला की लांब गुंडाळ्या तुटतात, अन्यथा त्या चकसोबत फिरून हाताला चाबकासारख्या लागतात. सर्वांत नाजूक क्षण शेवटचे दोन मिलिमीटर उरतात तेव्हाचा असतो : आवाज बदलतो, दांडा एकदम हलका वाटतो आणि स्वाभाविकपणे हात अधिक जोर करतो, तर हवे असते ते याच्या नेमके उलट. दाब जवळजवळ काढून घेऊन ड्रिलला स्वतःच्या धारेने बाहेर पडू द्यावे. ड्रिल अडकलेच, तर जॉब पकडायला धावू नये. प्रथम लाल बटण दाबावे आणि चक पूर्ण थांबल्यावर तो हाताने उलटा फिरवून ड्रिल सोडवावे. फिरता चक हाताने धरून थांबवण्याची सवय अनेक जुन्या हातांना असते आणि ती नव्यांनी उचलू नये.

बोथट ड्रिल हे अति दाबाचे आणि म्हणून अनेक अपघातांचे मूळ आहे. साध्या कामाच्या ड्रिलच्या टोकाचा कोन ११८ अंश असतो आणि दोन्ही कडा समान लांबीच्या असाव्या लागतात; एक कड लांब झाली की भोक ड्रिलपेक्षा मोठे पडते आणि बोल्ट खेळतो. कोन मोजायचे साधन नसेल तेथे कारागीर सारख्या मापाचे दोन षट्‌कोनी नट बाजूला बाजू लावून धरतात : त्यांच्यामध्ये तयार होणारी खाच १२० अंशांची असते आणि ड्रिलचे टोक तीत नीट बसले तर कोन जमला असे समजावे. धार लावताना कडेच्या मागचा भाग सुमारे ८ ते १२ अंशांनी उतरता घ्यावा, नाहीतर कडेऐवजी तिची पाठच लोखंडावर घासते. ग्राइंडरच्या चाकापासून टेकू तीन मिलिमीटरपेक्षा अधिक दूर नसावा, आणि तापलेले हाय-स्पीड ड्रिल एकदम पाण्यात बुडवू नये, कारण त्यामुळे धारेला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात.

पोशाखाविषयीचे नियम ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण फिरत्या चकला लोखंड आणि कापड यांतला फरक कळत नाही. गळ्यातले उपरणे किंवा मफलर, सैल बाही, ओढणी, मोकळे केस, मनगटावर बांधलेला दोरा, गळ्यातला ताईत, हातातले चांदीचे कडे आणि अंगठी, यांपैकी काहीही यंत्रासमोर उभे राहताना अंगावर असू नये. श्रद्धेने बांधलेला दोरा काढणे ज्यांना शक्य नाही, त्यांनी निदान तो घट्ट बाहीच्या आत पूर्ण दाबून घ्यावा. हातमोज्यांबाबत विशेष गैरसमज आढळतो : वेल्डिंगला जे आवश्यक ते ड्रिलवर घातक असते, कारण मोज्याचे टोक अडकले की यंत्र बोटासह मोजा ओढून घेते. कापलेल्या धारदार कडा हाताळताना मोजे घालावेत, यंत्र सुरू करण्यापूर्वी काढावेत. कीस बोटांनी किंवा फुंकर मारून काढू नये. त्यासाठी ब्रश आणि वाकवलेल्या तारेचा आकडा पुरेसा आहे. उजेड सावली न पाडणारा हवा, मात्र ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावरची जुन्या प्रकारची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते आणि मिनिटाला २००० फेऱ्यांनी फिरणारा तीन जबड्यांचा चक तिच्या उजेडात जणू थांबल्यासारखा दिसू शकतो, म्हणून यंत्रावर चांगल्या प्रतीचा, न लुकलुकणारा स्वतंत्र दिवा ठेवावा.

चष्मा नेहमीचा असला तरी बाजूंनी बंद असलेला संरक्षक गॉगल वेगळा वापरावा. डोळ्यात कण गेला तर डोळा चोळू नये. स्वच्छ पाण्याने धुऊनही टोचणी राहिली किंवा कण रुतलेला दिसला, तर तो काडीने, रुमालाच्या टोकाने किंवा लोहचुंबकाने काढण्याचा प्रयत्न न करता डोळा न दाबता झाकून नेत्रतज्ज्ञाकडे जावे. धडगाव किंवा मोलगीकडून नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयापर्यंतचा रस्ता घाटाचा आणि वेळखाऊ आहे, त्यामुळे उद्यावर ढकललेला उपचार तेथे सहज परवापर्यंत लांबतो. रक्तस्राव असेल तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे, हात वर ठेवावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. हा क्रमांक यंत्राजवळच्या भिंतीवर लिहिलेला असावा.

यंत्र कोणी चालवावे हाही सुरक्षिततेचाच भाग आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने फिरत्या भागांना संरक्षक झाकण असावे आणि अल्पवयीन व्यक्तीला पुरेशी माहिती व प्रशिक्षण दिल्याखेरीज धोकादायक यंत्रावर ठेवू नये, अशी तत्त्वे घालून दिली. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास बंदी आहे आणि अठरा वर्षांखालील मुलाला धोकादायक कामावर ठेवता येत नाही. एक-दोन खणांच्या कार्यशाळेला कारखान्याचे नियम लागू होत नसले तरी हाताखालच्या मुलाची बोटे तीच असतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील फिटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आखणी, पंच, ड्रिलिंग आणि आटे पाडणे या क्रमानेच शिकवतो, आणि कार्यशाळेतही तोच क्रम ठेवणे योग्य : नव्याने प्रथम आखणी करावी, नंतर वीज बंद असताना जॉब बांधावा व सोडवावा, आणि बांधलेला जॉब मालकाने हाताने हलवून पाहिल्यावरच बटण त्याच्या ताब्यात द्यावे.

दिवसाचे काम संपल्यावर मुख्य स्विच बंद करावा, टेबलाच्या खाचांतला कीस ब्रशने काढावा, खांब, टेबल आणि क्विलवर तेलाचा हात फिरवावा. जून ते सप्टेंबर या काळात नवापूर आणि धडगावकडच्या दमट हवेत एका आठवड्यात टेबलावर गंज धरतो आणि गंजलेल्या टेबलावर व्हाइस सपाट बसत नाही. चकचा निमुळता दांडा सुटू लागला तर तो ठोकून बसवण्यापूर्वी दांडा आणि त्याचे घर दोन्ही कोरड्या फडक्याने पुसावीत, जबडे पूर्ण आत घ्यावेत आणि लाकडी मोगरीने खालून एकच ठोका द्यावा. काढताना स्पिंडलच्या आडव्या खाचेत ड्रिफ्ट नावाची निमुळती पट्टी घालून सोडवावा आणि खाली फळी ठेवावी, म्हणजे चक टेबलावर आपटून त्याचे जबडे वाकडे होत नाहीत.